अक्का, खाडा पडू दे. तालीम मोडू नकोस

नांदेड
रंगपंचमी

ती. अक्का,

“आता ऊन तापायलंय भाऊ, चालणं-बिलणं दिवाळीनंतर बघू,” असं परवा फोनवर म्हणालीस आणि लगेच विषय पाडव्याच्या गाठ्यांवर नेलास. मीही ओढून धरलं नाही. फोनवर तुझ्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं आपल्या घरात तरी आठवत नाही. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना वाटलं, संक्रांतीला नवे बूट आणून होळीला ते पलंगाखाली सरकवणारी तू काही एकटी नाहीस. लातूरच्या गल्लोगल्ली आणि आमच्या नांदेडच्या प्रत्येक कॉलनीत एक तरी अशी अक्का आहे, आणि दाजीही आहेत. तेव्हा पत्र तुझं असलं तरी चारचौघांनी वाचलं तर रागावू नकोस.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुझ्यात जिद्द कमी आहे, असं मला कधीच वाटलं नाही. २०१६ चा उन्हाळा तू लातुरात काढलास. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पाच लाख लिटर घेऊन लातूरला आली, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष तिकडं गेलं. पण त्याच्या आधीही आणि नंतरही, अवेळी टँकरला नंबर लावून भरल्या घागरी जिन्यानं वर नेणारी तू होतीस. तो उन्हाळा जिनं निभावला, तिला “इच्छाशक्ती वाढव” म्हणून सांगणारा मी कोण?

मला प्रश्न वेगळाच पडतो. तेव्हा घागर उचलायला तुला उत्साह लागत होता का? टँकर यायची वेळ म्हणजे वेळ. खालच्या काकू हाक मारणार म्हणजे मारणार. आणि पाणी भरलं नाही तर चूल पेटणार नाही, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. वेळ बांधलेली, सोबत ठरलेली, गरज दारात उभी. चालायला जायचं म्हटलं की या तिन्हींतलं एकही नसतं. सकाळी कधीही, जमलं तर, एकटीनं, आणि नाही गेलं तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सगळा भार मनावर टाकलेला. मन काय, आज आहे, उद्या नाही.

आपण शेतकऱ्याची लेकरं आहोत, म्हणून शेतातलंच सांगतो. मृगाची पहिली सर आली की सोयाबीन पेरायला हात शिवशिवतात, पण कृषी खातं दरवर्षी बजावतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय पेरू नका. सरीच्या भरवशावर पेरलं त्याच्या नशिबी दुबार पेरणी येते. संक्रांतीच्या सुमारास तुला आलेला उत्साह ही तशी पहिली सर होती. ती आली याचा आनंदच आहे. तिच्यावर वर्षाचं पीक निघेल अशी आशा ठेवली, तिथं गाडी अडली.

मग ओल खोल कशानं जाते? त्यासाठी मला आपल्या गावची तालीम आठवते. तुलाही ती आठवत असेल, पण उंबऱ्याबाहेरून. माझ्या दुधाचा गडू तू दारात ठेवायचीस आणि तशीच मागं फिरायचीस. आत काय चालायचं ते तुला कुणी दाखवलं नाही, म्हणून आज सांगतो.

पहाटे अंधारातच पोरं जमायची. कपडे खुंटीला, लंगोट कसायचा, मारुतीला नमस्कार करायचा, आणि पहिलं काम म्हणजे फावडं घेऊन हौद्यातली माती खणायची. हळद, तेल, ताक, लिंबू मुरवलेली ती लाल माती उकरून भुसभुशीत ठेवावी लागते, नाहीतर पडणाऱ्याच्या पाठीला लागते. खणता खणता झोप कुठं जायची कळायचं नाही, अंगही तापायचं. मग जोर, मग बैठका, मग जोडीनं लढत. वस्तादांनी कुणाला “आज मन आहे का रे?” असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. मनाचा प्रश्नच तिथं निघत नव्हता. वेळ एक, जागा एक, रोजची जोड ठरलेली, आणि दोन दिवस दिसला नाही तर घरी निरोप पाठवणारा वस्ताद. सगळ्यांत हुशारीचा भाग ती माती. आलेल्या पोराला आधी सोपं, हातातलं काम द्यायचं. पुढची मेहनत आपोआप त्याच्या मागून येते.

आता लातूरकरीण म्हणून तुला अभिमान वाटेल असं एक सांगतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्या वर्षी ती स्पर्धा भरली होती लातुरातच. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. पुढं ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली तयार होणाऱ्यांत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे होता. २०११ साली बिराजदार मामा गेले. राहुलची मेहनत मग काका पवारांकडं सुरू राहिली. अर्जुन पुरस्कार मिळवलेले काका पवारही आपल्या लातूर जिल्ह्याचेच. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं सोनं जिंकलं आणि ते बिराजदारांना अर्पण केलं.

मधली सात वर्षं ध्यानात घे, अक्का. वस्ताद गेल्यावर रोज पहाटे कुणाचा उत्साह जागा राहील असं मला नाही वाटत. पण जायला दुसरी तालीम होती, वेळ ठरलेली होती, समोर ओरडणारा माणूस होता. मन खचलं तरी पाय कुठं न्यायचे हे पायांना ठाऊक होतं.

जोडीचंही तसंच. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती काका पवारांच्याच दोन पठ्ठ्यांत: आपल्या लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. टीव्हीवर बघणाऱ्यांना ते औदार्य वाटलं. तालमीत घाम गाळलेल्याला त्यात नवल वाटलं नसेल. ज्याच्याशी रोज झुंजून आपलं अंग तयार झालं, त्याचं देणं माणूस विसरत नाही.

तू म्हणशील, हे सगळं गड्यांचं. खरं आहे. तालमीचा उंबरा तुला ओलांडू दिला नाही, आणि तुझ्या वयाच्या बायकांना पन्नाशीत अचानक “व्यायाम करा” म्हणून सांगायला सगळे पुढं होतात. ज्या वयात सवय लागते त्या वयात जागा नव्हती, सोबत नव्हती; आता आळशी म्हणून बोल मात्र लावायचा. म्हणूनच मला वाटतं, बायकांनी आपली तालीम आपण उभी करावी. त्याला हौदा लागत नाही.

आणि आपल्याकडच्या बाईनं काय करून दाखवलं ते नांदेड जिल्ह्यातच बघ. मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव बसून गोळाफेक करतात. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्या सातव्या आल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा त्यांच्या हाती होता, आणि तिथं त्या पाचव्या आल्या. पदकांच्या यादीत सातवा आणि पाचवा नंबर कुणी लिहीत नाही. पण सातव्यावरून पाचव्यावर यायला तीन वर्षांच्या सकाळी लागतात, आणि त्या सकाळी टाळ्या वाजवायला कुणी नसतं. तसंच, माळेगावच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड आपण बघितला. इथं होळीच्या सुमारास हल्लाबोलच्या मिरवणुकीत तलवारी घेऊन धावणारे शीख जवान बघायला सगळं नांदेड लोटतं. लोकांना तो एक दिवस दिसतो. त्यामागचा गतक्याचा, म्हणजे शिखांच्या शस्त्रविद्येचा, आणि मातीतला रोजचा सराव बघायला कुणी जात नाही.

तुला ना फड जिंकायचाय ना पदक आणायचंय. तुला साखर ताब्यात ठेवायचीय, गुडघे चालते ठेवायचेत आणि उद्या नातवंड झालं की त्याला उचलून घ्यायचंय. त्याला किती लागतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. आपण त्यात कुठं बसतो? ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासात, २०२२ मध्ये भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांची हालचाल पुरेशी नव्हती असं निघालं, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. आणि आयसीएमआरच्या पाहणीनं २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या वर सांगितला. साखर वाढलीय म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. सोबतीला दहा कोटी आहेत.

“घरातलं काम होतंच की,” हे तुझं दुसरं उत्तर मला पाठ आहे. काम होतं, नाही कुठं म्हणतोय. पण आईच्या कामात जातं होतं, आड होता, शेणगोठा होता. तुझ्याकडं मोटर आहे, मिक्सर आहे, धुण्याचं मशीन आहे, आणि किराणा आणायला स्कूटी आहे. हे सगळं आलं ते चांगलंच झालं. त्या कष्टांनी आईची कंबर मोडली. मात्र कष्ट गेले त्यांच्याबरोबर अंगाची हालचालही गेली. आता ओट्याशी चार तास उभं राहून पाय दुखतात, दम मात्र लागत नाही. दमवणारा अर्धा तास वेगळा काढावाच लागणार.

बरं, आता ऊन. ही तुझी तक्रार खरी आहे, आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात व्यायाम सुटतो तो बहुतेक वेळा घड्याळामुळं. तू थंडीत साडेसहाचा गजर लावलास. डिसेंबरअखेर लातूरला सूर्य उगवतो सातच्या जरा आधी; मेमध्ये तो पावणेसहाच्या सुमारास वर येतो. तास-सव्वा तासाचा फरक. तोच गजर ठेवला तर जानेवारीत तू अंधारात निघतेस आणि मेमध्ये डोक्यावर ऊन घेऊन. मग जीव नको म्हणणारच. म्हणून घड्याळ सोड, सूर्य धर. उजाडायच्या बेतात घराबाहेर, वर्षभर. मेमध्ये पाच वाजता उठायचं म्हणजे रात्री टीव्हीची एक मालिका सोडावी लागेल, एवढा मोबदला द्यावा लागेल. आणि ऐक, तू आमच्यापेक्षा सुखी आहेस. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीकाठी, साडेतीनशेच्या आसपास. तुमच्याकडं रात्री गच्चीवर वारं तरी येतं. आमच्या घाटावर मेमध्ये दिवस मावळल्यावरही फरशी पाय भाजते. म्हणून पहाट चुकली तर जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटं चाल. जेवणानंतरच्या चालण्यानं साखर फार चढत नाही, हा वरचा फायदा. भर उन्हात मात्र हट्टानं जायचं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. लातुरात नळाला पाणी यायचा दिवस हा सण असतो, त्या सकाळी घर सोडून कुणी चालायला जाणार नाही. जाऊही नकोस. त्या दिवशी टाकी भरेपर्यंत घरातच तालीम कर. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. या तुझ्या बैठका. भिंतीवर तळवे टेकून छाती भिंतीकडं न्यायची आणि परत लोटायची, दहा वेळा. हे तुझे जोर. दम घेऊन दोन्ही पुन्हा एकदा. आठवड्यातले ताकदीचे दोन दिवस म्हणतात ते हेच. पन्नाशीनंतर बायकांचे स्नायू लवकर उतरतात, आणि मांडीत जोर राहिला नाही की सगळा भार गुडघ्यावर येतो. गुडघे दुखतात म्हणून बसून राहिलं की मांडी आणखी उतरते. हे चक्र खुर्चीवरूनच मोडता येतं.

आता खाड्याचं. तू एकदा चुकलीस की सगळंच सोडतेस, हे मी आपल्या लहानपणापासून बघतोय. चतुर्थी मोडली तर पुढच्या चतुर्थ्याही मोडायच्या. यावर एक अभ्यास ऐक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. २१ दिवसांत सवय लागते हे लोक सांगतात ते विसर. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तेव्हा लग्नसराईत, पाहुणे आल्यावर, ताप आला म्हणून खाडा पडला तर पडू दे. फक्त सलग तिसरा दिवस जाऊ द्यायचा नाही. यालाही कारण आहे. व्यायामानं स्नायू साखर चांगली ओढून घेऊ लागतात, पण तो परिणाम एक-दोन दिवसच टिकतो. म्हणून मधुमेहाचे डॉक्टर सांगतात, सलग दोन दिवसांच्या वर खंड नको.

आणि अगदीच नको वाटेल त्या दिवसासाठी फावडं ठेव. म्हणजे बूट घालायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं, एवढंच. तिथून परत फिरावंसं वाटलं तर खुशाल फीर, तोही दिवस हजेरीत धर. बहुतेक वेळा तू पुढं जाशील. माती खणून झाली की जोर न काढता घरी गेलेला पोरगा आमच्या तालमीत क्वचितच दिसायचा.

वजनकाटा मात्र काही महिने दाजींच्या कपाटावर टाकून दे. नुसत्या चालण्यानं वजन झपाट्यानं उतरत नाही, आणि काटा हलत नाही म्हणून तू दरवेळी हिरमुसतेस. त्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी कर, झोप कशी लागते बघ, गंजगोलाईतून सामान घेऊन आल्यावर जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का बघ. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार. साखरेच्या काही गोळ्यांनी चालताना साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून पदराला खडीसाखर बांध. छातीत दाटलं, घेरी आली, तर तिथंच थांब आणि डॉक्टरांकडं जा. साडीवर बूट बरे दिसत नाहीत म्हणून चपलेवर जाऊ नकोस. बघणारे दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरं काहीतरी मिळेल.

राहिली जोड. ती सगळ्यांत मोठी. २०१६ मध्ये टँकर आला की तुला हाक मारायच्या त्या खालच्या काकू अजून तिथंच राहतात ना? त्यांचेही गुडघे कुरकुरतात, असं तूच सांगितलंस. पाडव्याचा मुहूर्त धरू नकोस, दहा दिवस आहेत त्याला, तोवर पत्र वाचून आलेली ही सर ओसरेल. आज रात्रीच जिना उतरून काकूंना सांग: उजाडायच्या आधी मी खाली येते, तुम्ही दारात उभ्या राहा. दोघींपैकी जी सलग दोन दिवस आली नाही, तिच्या घरी दुसरीनं जाऊन चहा मागायचा. घरी येऊन बसलेल्या काकूंना “दिवाळीनंतर बघू” म्हणणं तुला जड जाईल, मला म्हणण्याइतकं सोपं जाणार नाही.

मी दर रविवारी फोन करीन. वजन विचारणार नाही, किती चाललीस तेही विचारणार नाही. आठवड्यात खाडे किती पडले एवढंच विचारीन, आणि माझे किती पडले ते सांगीन. दाजींना नमस्कार. त्यांनाही ओढ, ते आले नाहीत तर त्यांच्यावाचून जा.

तुझा,
भाऊ